आधी जुनं वेळापत्रक मॉडेलमध्ये घालून बघा

प्रश्न पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. चार मशिन, तीस उत्पादनं आणि एका आठवड्याचं उत्पादन-वेळापत्रक. तुम्ही कोणतं उत्पादन, कोणत्या मशिनवर, कोणत्या मिनिटाला यासाठी एकेक शून्य-एक चल (‘नाही’ला शून्य, ‘हो’ला एक अशी अज्ञात संख्या) घेतला. सांगितलेले सगळे नियम अटी म्हणून लिहिले. उशीर आणि चेंजओव्हर (मशिन एका उत्पादनावरून दुसऱ्यावर वळवणं) कमीत कमी करा असं उद्दिष्ट दिलं. हे सगळं मिळून झालं मॉडेल. सॉल्व्हर, म्हणजे असं मॉडेल सोडवणारा प्रोग्रॅम, रात्रभर चालला आणि सकाळी ‘इन्फीजिबल’ म्हणाला, म्हणजे सगळ्या अटी पाळणारं उत्तरच नाही. काही अटी काढल्यावर उत्तर आलं, पण वेळापत्रक बनवणाऱ्या सुपरवायझरनी ते पाहताक्षणी बाजूला सारलं. आता तुम्ही विचारताय की दुसरा सॉल्व्हर घ्यावा का, आणि प्रत्यक्ष कामात मॉडेल बांधायची रीत काय असते.

सॉल्व्हरचं शेवटी बोलू, तुमचं घोडं तिथे अडलेलं नाही. तुमच्याकडे मॉडेल आहे, पण ते बरोबर आहे की चूक हे सांगणारं काहीच नाही. ‘इन्फीजिबल’ आलं तेव्हा नियमच एकमेकांशी भांडत होते, की माहिती चुकीची होती, की एखादं चिन्ह उलटं पडलं होतं, हे कळायला मार्ग नव्हता. उत्तर आलं तेव्हाही ते वाईट का, हे सुपरवायझरच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागलं.

मी सांगणार आहे ते तुमच्यासारख्या कामाला लागू आहे, म्हणजे आराखडा आठवड्याला किंवा दिवसाला एकदा बनतो, तो आज कोणीतरी हाताने बनवतं आणि नंतर माणसंच तो राबवतात. निर्णय दर काही सेकंदांनी आपोआप घ्यायचा असेल, किंवा आज कोणताच आराखडा अस्तित्वात नसेल, तर क्रम बदलतो.

पहिलं काम असं की मागच्या दोन-तीन आठवड्यांची प्रत्यक्षात राबवलेली वेळापत्रकं मिळवा. ठरवलेली नकोत, राबवलेली हवीत. मग एक साधा प्रोग्रॅम लिहा, ज्यात ऑप्टिमायझेशनचा लवलेशही नसेल. त्याला वेळापत्रक द्यायचं. त्याने दोनच गोष्टी सांगायच्या: कोणते नियम मोडले, आणि तुमच्या उद्दिष्टाच्या हिशेबाने खर्च किती झाला. मी याला ‘तपासनीस’ म्हणते. तो मॉडेलपासून पूर्ण वेगळा लिहायचा, शक्य असेल तर दुसऱ्या माणसाने. मॉडेलचाच कोड त्यात वापरला तर मॉडेलमधली चूक तपासनिसातही जाते आणि दोघं मिळून तुम्हाला खोटा दिलासा देतात.

त्यानंतर तीच जुनी वेळापत्रकं मॉडेलमध्ये घाला, म्हणजे सगळे चल त्या किमतींना बांधून टाका आणि सॉल्व्हरला फक्त ‘हे चालतं का’ एवढंच विचारा. मॉडेल म्हणालं ‘इन्फीजिबल’, तर चूक मॉडेलची किंवा त्यात घातलेल्या माहितीची आहे, कारण कारखाना त्या आठवड्यात चालला होता आणि माल बाहेर गेला होता. आता एकेक अट सुटी करून बघितलं की नेमकी कोणती अट आड येते ते सापडतं. काही सॉल्व्हर परस्परांशी न जुळणाऱ्या अटींचा असा गट शोधून देतात, ज्यातली कोणतीही एक अट काढली की उरलेल्या जुळतात, त्याचाही उपयोग करा. पण चल बांधलेले असताना हा शोध फार सोपा होतो, कारण त्या अटींत तुमच्या ओळखीचे आकडे असतात.

इथे काय सापडतं? क्वचित टायपिंगची चूक. बऱ्याचदा असा नियम, जो सगळे सांगतात पण पाळत नाहीत. ‘हे उत्पादन तिसऱ्या मशिनवर घेत नाही’ असं तुम्हाला सांगितलेलं असतं, आणि नोंदींमध्ये ते त्याच मशिनवर सरळ दिसतं. विचारल्यावर उत्तर येतं, ‘घेत नाही म्हणजे शक्यतो घेत नाही.’ या ‘शक्यतो’ला मॉडेलमध्ये वेगळी जागा लागते, त्याकडे लगेच येते. कधी साठ्याचे आकडे जुळत नाहीत. नोंदीप्रमाणे सोमवारी सकाळी कच्चा माल संपलेला असतो, आणि तरी सोमवारी दुपारी त्याच मालाचं उत्पादन झालेलं असतं. असा गोंधळ सॉल्व्हर पोटात घेत नाही, माणूस घेतो.

जुनं वेळापत्रक चालतंय असं मॉडेल म्हणू लागलं की त्याचा खर्च बघा. मॉडेलच्या हिशेबाने तो भयंकर दिसत असेल आणि तरीही सगळे त्या आठवड्याला ‘चांगला आठवडा’ म्हणत असतील, तर तुमच्या उद्दिष्टातून काहीतरी सुटलंय. सुपरवायझरला ज्याची किंमत वाटते ते तुम्ही लिहिलेलंच नाही. उलट, सॉल्व्हर ‘हेच सर्वोत्तम’ म्हणतोय आणि जुनं वेळापत्रक त्याहून स्वस्त निघालं, तर मॉडेलमध्ये नक्की बग आहे. नियमांत बसणारं उत्तर सर्वोत्तमापेक्षा स्वस्त असूच शकत नाही.

हाताने केलेल्या आराखड्याला एवढा मान का द्यायचा, याचं एक जुनं उदाहरण आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ मध्ये एका माणसाच्या वर्षभराच्या आहाराचं गणित मांडलं. ७७ खाद्यपदार्थ, ९ पोषक घटक, आणि खर्च कमीत कमी. तेव्हा सिम्प्लेक्स पद्धत (अशी गणितं पायरीपायरीने सोडवून सर्वोत्तम उत्तर काढायची रीत) नव्हती, त्यांनी विचारपूर्वक अंदाज करत ३९.९३ डॉलरपर्यंत खर्च उतरवला. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांच्या नव्या सिम्प्लेक्स पद्धतीने तेच गणित सोडवलं गेलं. टेबलावरच्या गणनयंत्रांवर नऊ कारकून बसले आणि सुमारे १२० मनुष्यदिवस लागले. उत्तर आलं ३९.६९ डॉलर. फरक २४ सेंटचा, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. विषय जाणणाऱ्या माणसाचं उत्तर बऱ्याचदा इतकं जवळ असतं. तेव्हा तुमचं मॉडेल पहिल्याच फटक्यात ४० टक्के बचत दाखवू लागलं, तर आनंद मानण्याआधी कोणती अट लिहायची राहिली ते शोधा.

राहिलेली अट काय करते, तेही डँट्झिग यांच्याच अनुभवातून कळतं. पुढे १९५० च्या दशकात वजन कमी करण्यासाठी त्यांनी स्वतःच्या आहाराचं मॉडेल केलं. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून उद्दिष्ट घेतलं: पदार्थाचं वजन वजा त्यातलं पाणी, हे जास्तीत जास्त. उत्तरात ५०० गॅलन व्हिनेगर आलं. माहितीच्या तक्त्यात व्हिनेगर सौम्य आम्ल म्हणून नोंदलेलं होतं आणि त्यातलं पाणी शून्य धरलेलं होतं. व्हिनेगर काढल्यावर पुढच्या उत्तरात दिवसाला सूपच्या २०० वड्या आल्या, कारण इतकं मीठ कोणी खाईल अशी शंकाच कोणाला आली नव्हती, म्हणून वरची मर्यादा लिहिलेली नव्हती. पहिली चूक माहितीतली, दुसरी अटींतली, पण उत्तराच्या कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. तुमच्या सुपरवायझरनी बाजूला सारलेलं वेळापत्रक हे तुमचं व्हिनेगर आहे. ते त्यांच्यासमोर ठेवून ‘यात काय चुकतंय’ असं विचारा. ‘तुमचे नियम सांगा’ असं विचारलं की पाच नियम मिळतात. चुकीचं वेळापत्रक समोर ठेवलं की आणखी बरेच बाहेर पडतात, कारण माणसाला नियम आठवत नाहीत, पण मोडलेला नियम लगेच खुपतो.

आता मॉडेलच्या आकाराबद्दल. आठवड्यात १०,०८० मिनिटं असतात. तीस उत्पादनं, चार मशिन आणि प्रत्येक मिनिट धरलं तर १२,०९,६०० शून्य-एक चल झाले. सॉल्व्हर रात्रभर चालला यात आश्चर्य नाही. पण मला आधी पडणारा प्रश्न वेगळा आहे: मिनिटाचा निर्णय मुळात कोण घेतं? सुपरवायझर बहुधा एवढंच ठरवतात की मंगळवारच्या दुसऱ्या पाळीत दुसऱ्या मशिनवर ही दोन उत्पादनं इतकी-इतकी घ्यायची. पाळीच्या आत आधी कोणतं आणि नंतर कोणतं, हे मशिनवरचा माणूस बघतो. निर्णय पाळीचा असेल तर चलही पाळीचा हवा. आठवड्याच्या २१ पाळ्या, म्हणजे ‘या पाळीत या मशिनवर हे उत्पादन लावायचं का’ असे २,५२० शून्य-एक चल, आणि सोबत ‘किती नग’ सांगणारे तेवढेच साधे चल. हे मॉडेल मिनिटांत सुटण्याची बरीच शक्यता आहे.

यात काही हातचं जातं, ते लपवत नाही. एका पाळीतलं शेवटचं उत्पादन पुढच्या पाळीतही तसंच चालू राहिलं तर सेटअप (त्या उत्पादनासाठी मशिन तयार करणं) पुन्हा लागत नाही, हे साध्या मॉडेलला कळत नाही. त्यासाठी ‘सेटअप पुढे नेला’ असा आणखी एक चल लागतो. आणि चेंजओव्हरचा वेळ क्रमावर फार अवलंबून असेल, म्हणजे फिक्या रंगावरून गडद रंगावर जायला दहा मिनिटं आणि उलट जायला तीन तास, तर पाळीचं मॉडेल अपुरं पडतं. अशा वेळी मी काम दोन टप्प्यांत करते. आधी कोणत्या पाळीत काय घ्यायचं ते ठरवायचं, मग प्रत्येक मशिनचा क्रम स्वतंत्र लावायचा. दोन टप्प्यांत मिळून आलेलं उत्तर सैद्धांतिकदृष्ट्या सर्वोत्तम असेलच असं नाही. पण ते दुपारच्या जेवणाआधी हातात पडतं आणि चुकलं तर कुठे चुकलं ते सांगता येतं. व्यवहारात मला ते जास्त मोलाचं वाटतं.

‘शक्यतो’ची जागा कोणती? प्रत्येक अट लिहिताना एकच प्रश्न विचारायचा: ही मोडली तर काय होईल? एका पाळीत आठच तास असतात, मशिनचा वेग आहे तेवढाच आहे, कायद्याने ठरवलेली विश्रांती द्यावीच लागते. या अटी पक्क्या. ‘शुक्रवारी ऑर्डर गेलीच पाहिजे’ ही अट मोडली तर ग्राहक चिडतो, दंड लागतो, पण जग थांबत नाही. ती मोडू द्यायची आणि मोडल्याचा दंड उद्दिष्टात धरायचा. म्हणजे ‘शुक्रवारपर्यंतचं उत्पादन अधिक तूट बरोबर मागणी’ असं लिहायचं आणि तुटीला किंमत लावायची. एवढं केलं की मॉडेल जवळजवळ कधीच ‘इन्फीजिबल’ होत नाही. त्याऐवजी ते सांगतं की अमुक दोन ऑर्डर इतक्या नगांनी कमी पडतील. सुपरवायझरला या वाक्याचा उपयोग आहे, ‘इन्फीजिबल’चा काहीच नाही. तरीही ते आलंच, तर पक्क्या अटींत किंवा माहितीत दोष आहे, आणि शोधायची जागा आता लहान झालेली असते.

दंडाचे आकडे ठरवणं मात्र कटकटीचं काम आहे. ‘उशिराला वजन १०० द्या आणि चेंजओव्हरला १०’ असं कोणी मनाने सांगितलेलं मी घेत नाही. त्याऐवजी अदलाबदल विचारते. एक चेंजओव्हर वाचत असेल तर ही ऑर्डर एक दिवस उशिरा गेलेली चालेल का? पाच वाचत असतील तर? दहा? माणूस जिथे ‘हं, मग चालेल’ म्हणतो, तिथे वजनांचं गुणोत्तर मिळतं. आणि उत्तर ‘कितीही वाचले तरी चालणार नाही’ असं आलं, तर वजनांच्या भानगडीत न पडता दोनदा सोडवा. आधी फक्त उशीर कमीत कमी करा. जो आकडा येईल तो, किंचित सूट देऊन, अट म्हणून बांधा आणि मग चेंजओव्हर कमी करा. वजन अफाट मोठं ठेवूनही हेच साधेल असं वाटतं, पण अफाट आकड्यांनी सॉल्व्हरच्या दशांशांची वाट लागते.

यावरून तुमच्या मॉडेलमधल्या मोठ्या ‘म’कडे येते. ‘सेटअप केला नसेल तर उत्पादन शून्य’ हे लिहायला तुम्ही ‘उत्पादन म गुणिले सेटअप-चल याच्याइतकं किंवा त्याहून कमी’ अशी अट घातलीत आणि म घेतला दहा लाख. तर्काने अट बरोबर आहे, गणनेत मात्र ती घातक आहे. सॉल्व्हर आधी शून्य-एकची सक्ती सैल करतो, चलाला अपूर्णांक होऊ देतो आणि त्यावरून ‘खर्च याखाली जाऊच शकत नाही’ अशी खालची मर्यादा काढतो. समजा पाळीत जास्तीत जास्त ६०० नग निघतात. मग सेटअप-चल ०.०००६ ठेवूनही पूर्ण पाळीचं उत्पादन करता येतं, आणि सेटअपचा खर्च त्याच प्रमाणात जवळजवळ शून्य धरला जातो. ती खालची मर्यादा इतकी खोटी आशावादी असते की खऱ्या उत्तरापर्यंत यायला सॉल्व्हरला पर्यायांच्या असंख्य फांद्या तपासाव्या लागतात. दुसरा धोका लपलेला आहे. सॉल्व्हर थोडी सूट धरूनच शून्याला शून्य म्हणतात. ही सूट एक लाखांश असेल, तर चल कागदावर शून्य असताना दहा लाख गुणिले एक लाखांश, म्हणजे दहा नग सेटअपशिवाय बनतात. तपासनिसाला ते दिसतील, नुसतं उत्तर वाचणाऱ्याला दिसणार नाहीत.

उपाय साधा आहे. म म्हणजे त्या पाळीत त्या मशिनवर त्या उत्पादनाचे जास्तीत जास्त जितके नग निघू शकतात तेवढे, म्हणजे ६००. आठवड्याची उरलेली मागणीच २०० असेल आणि जास्तीचा साठा करायचा नसेल, तर २००. सगळ्या मॉडेलला एकच म कधीच नको. या एका बदलाने जो फरक पडतो, तो सॉल्व्हर बदलूनही क्वचितच पडतो.

तुमची मशिन एकसारखी असतील तर आणखी एक गोष्ट बघा. चार सारख्या मशिनची नावं आपापसांत बदलली तरी वेळापत्रक तेच राहतं, म्हणून प्रत्येक उत्तराच्या २४ पर्यंत प्रती मॉडेलमध्ये असतात आणि सॉल्व्हर त्या वेगळ्या समजून धुंडाळत बसू शकतो. अशा वेळी मशिनचं नाव चलातून काढा, ‘या पाळीत या उत्पादनावर किती मशिन’ एवढंच ठरवा आणि नावं नंतर वाटा.

दोन त्रास मॉडेल वापरात आल्यावर दिसतात, आधी कोणी सांगत नाही. पहिला म्हणजे आठवड्याचा शेवट. मॉडेलसाठी रविवारनंतर जग नाही, त्यामुळे ते साठा शून्यावर आणून ठेवतं आणि सोमवारी सकाळी कारखान्यात हाहाकार होतो. म्हणून दहा-बारा दिवसांचं नियोजन करून पहिले सातच राबवायचे, किंवा शेवटच्या साठ्याला किमान मर्यादा लावायची. दुसरा त्रास अस्थिरतेचा. मंगळवारी एक छोटी ऑर्डर वाढली आणि मॉडेल पुन्हा चालवलं, तर सारख्याच खर्चाचं पण पूर्ण वेगळं वेळापत्रक हातात येऊ शकतं. गणिताला फरक पडत नाही, माणसांना पडतो. पुढच्या काही पाळ्या गोठवा, आणि बाकीच्यांत आधीच्या आराखड्यापासून दूर जाण्याला थोडा दंड लावा. हे न केल्यामुळे बंद पडलेली मॉडेल मी पाहिली आहेत, गणित उत्तम असूनही.

आता सॉल्व्हर. गुरोबी आणि सीप्लेक्स हे सशुल्क आणि वेगवान आहेत. हाइज (HiGHS) आणि एससीआयपी (SCIP) मुक्त आहेत, आणि २,५२० चलांच्या मॉडेलची सुरुवात त्यांवर करायला काहीच हरकत नाही. क्रम लावण्याचा टप्पा वेगळा केलात तर त्यासाठी गूगलचं ओआर-टूल्स, त्यातला सीपी-सॅट, बघा. ‘ही दोन कामं एकाच वेळी नकोत’ अशा अटी तो मोठ्या म शिवाय थेट समजून घेतो. मॉडेल पायोमो किंवा पल्पमध्ये (मॉडेल लिहायच्या पायथन लायब्ररी) लिहिलंत तर पुढे सॉल्व्हर बदलणं फार जड जात नाही.

आणि सॉल्व्हरला कुठे थांबायचं ते तुम्ही सांगा. अनेक सॉल्व्हर सापडलेलं उत्तर आणि सिद्ध झालेली मर्यादा यांतलं अंतर ०.०१ टक्क्यावर येईपर्यंत चालू राहतात. तुमच्या मशिनचा वेग तुम्हाला पाच टक्के इकडे-तिकडे माहीत असेल, तर शेवटच्या एका टक्क्यासाठी रात्र घालवण्यात अर्थ नाही. अंतर एक-दोन टक्के आणि वेळेची मर्यादा दहा-पंधरा मिनिटं, इथून सुरू करा. माहितीतल्या अनिश्चिततेसाठी लगेच संभाव्यतेच्या मॉडेलकडेही धावू नका. आलेलं वेळापत्रक तपासनिसात घाला, वेग आणि मागणी थोडी हलवून पुन्हा पुन्हा चालवा आणि कोणत्या ऑर्डर कोसळतात ते बघा. तेवढ्याच ठिकाणी मोकळी जागा ठेवली की बऱ्याचदा भागतं.

पुढच्या प्रश्नात तीन गोष्टी लिहा: मशिन एकसारखी आहेत की नाहीत, चेंजओव्हरचा वेळ क्रमाप्रमाणे किती बदलतो, आणि जुनं वेळापत्रक बांधून चालवल्यावर कोणती अट आडवी आली. मग चेंजओव्हरच्या अटी कशा लिहायच्या ते चिन्हांसकट सांगता येईल.